नवीन विश्वासणाऱ्याला सोबत द्यावी, पण कुठवर?

पिंपरीकर :

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी यंदा एक नवी पद्धत सुरू केली आहे. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास मोठेपणी स्वतः जाहीर करण्याचा विधी) झालेल्या प्रत्येक तरुण सभासदाला मंडळीतील एका अनुभवी व्यक्तीने निदान वर्षभर सोबत द्यावी, त्याच्याबरोबर शास्त्र म्हणजे बायबल वाचावे, प्रार्थना करावी आणि त्याच्या आत्मिक वाढीकडे लक्ष द्यावे, असे ठरले आहे. माझ्याकडे दोन मुली सोपवल्या आहेत. दोघींची गरज इतकी वेगळी आहे की एकच मार्ग दोघींना लागू पडेल असे मला वाटत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

पहिली मुलगी चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली आहे. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातील गीते तिला तोंडपाठ आहेत, रविवार शाळेत वचनपाठांतराची बक्षिसे तिने मिळवली आहेत आणि नाताळचा कार्यक्रम तिच्यावाचून उभा राहत नाही. परंतु बायबल ती स्वतःहून उघडत नाही. एखादा उतारा वाचू या म्हटले, तर पहिल्या ओळीलाच "हे माहीत आहे" असे तिच्या चेहऱ्यावर दिसते. प्रभूविषयी तिला स्वतःला काय वाटते, असे विचारले की ती रविवारच्या उपदेशातले वाक्य सांगते.

दुसरी तिच्या घरातली एकटीच विश्वासात आलेली आहे. महाविद्यालयात असताना तिने मैत्रिणीकडचे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारे बायबलमधील पुस्तक, वाचले, पुढे बराच काळ विचार केला आणि आईवडिलांना सांगून बाप्तिस्मा घेतला. ते नाराज आहेत, पण त्यांनी तिला तोडलेले नाही. ती त्यांच्याजवळच राहते. तिची तळमळ पाहून मला पुष्कळदा भरून येते. मात्र प्रत्येक लहानमोठ्या गोष्टीसाठी तिचा फोन येतो. "ताई, गणपतीत घरी आरती चालू असताना मी कुठे थांबू?", "प्रसाद नाकारला तर आईला लागेल, घेऊ का?", "नोकरी बदलावी असं देवाच्या मनात असेल का?" मी जे सांगते ते ती लगेच करते, आणि नेमके हेच मला सलते. तिचा विश्वास प्रभूवर वाढतो आहे की माझ्यावर, हे मला उमजेनासे झाले आहे.

ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सांगावे, की पहिलीच्या मनात वचनाची भूक कशी जागवावी, दुसरीला आधार तर द्यावा पण माझ्यावर विसंबून राहू कसे देऊ नये, आणि अशी सोबत कोणत्या टप्प्यावर सोडणे योग्य ठरते?

नगरकर :

भगिनी, सलाम. मी अनेक वर्षे गावोगावच्या लहान मंडळ्यांत शास्त्राभ्यास घेत आलो आहे, त्या आधारे लिहितो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सोबत कशासाठी द्यायची हे ठरले, की ती कशी द्यायची हेही बरेचसे ठरते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूने बारा शिष्यांना नेमले, तेव्हा दोन हेतू एकाच दमात सांगितले आहेत : त्यांनी त्याच्याबरोबर असावे आणि त्याने त्यांना पाठवावे. सहाव्या अध्यायात तो त्यांना जोडीजोडीने पाठवतोही. त्या वेळी त्यांची समज किती कच्ची होती हे पुढचे अध्याय वाचले की कळते. आठव्या अध्यायातसुद्धा त्यांना भाकरींचा अर्थ लागलेला नाही. तरीही त्याने त्यांच्यावर काम सोपवले आणि ते परत आल्यावर त्यांनी काय केले, काय शिकवले, हे ऐकून घेतले. आपल्याकडे मात्र "आधी पूर्ण तयार होऊ दे, मग जबाबदारी देऊ" असे म्हणत माणसाला वर्षानुवर्षे श्रोत्यांच्या बाकावर बसवून ठेवण्याची रीत पडली आहे, आणि मंडळीतील बाल्य लांबण्याचे हे एक मोठे कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेषित पौलाचेही पाहा. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील वर्णनावरून थेस्सलनीका शहरात त्याला फार थोडा काळ मिळाला. तेथील यहुदी सभास्थानात तो तीन शब्बाथ (यहुद्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस) बोलला आणि विरोध पेटल्यावर बंधुजनांनी त्याला रातोरात बाहेर काढले. मागे उरलेली मंडळी अगदी कोवळी होती. पौलाने तिच्याकडे आधी आपला सहकारी तीमथ्य याला धीर देण्यासाठी पाठवले आणि नंतर पत्र लिहिले. त्या पत्रात तो म्हणतो, की दाई आपल्या मुलांना जपते तसे आम्ही तुमच्यात वागलो आणि बापाप्रमाणे एकेकाला बोध केला. इतकी माया असलेला माणूस त्याच पत्राच्या शेवटी त्या कोवळ्या मंडळीला सर्व गोष्टींची पारख करण्यास आणि चांगले ते धरून राहण्यास सांगतो. पारख त्यांनी करायची आहे, "मला विचारा" असे त्याने लिहिलेले नाही. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायातही, जड अन्न पचवणारे प्रौढ म्हणजे वहिवाटीने ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना चांगले आणि वाईट ओळखण्याचा सराव झाला आहे असे लोक, असे सांगितले आहे. सराव ज्याचा त्यानेच करायचा असतो. तुमच्या दुसऱ्या मुलीच्या प्रत्येक प्रश्नाला तुम्ही उत्तर देता तेव्हा सराव तुमचा होतो.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. दोघींनाही मार्ककृत शुभवर्तमान वाचायला द्या. सोळाच अध्याय आहेत, घटना भराभर पुढे सरकतात आणि "तो कोण आहे?" हा प्रश्न वाचकाला सोडत नाही. मी एका बैठकीला एकच प्रसंग घेतो. आधी एकीने तो मोठ्याने वाचावा. मग पुस्तक मिटून दुसरीने तो आपल्या बोलीत सांगावा. "माहीत आहे" म्हणणारी माणसे येथेच अडखळतात आणि पुन्हा पुस्तक उघडतात. उदाहरणार्थ, दुसऱ्या अध्यायातील कफर्णहूमचा पक्षाघाती घ्या. लहानपणापासून ही गोष्ट ऐकलेल्या माणसाला ती सांगायला लावली, की तो छप्पर उसकटणे सांगतो, बाज खाली सोडणे सांगतो, माणूस बरा झाल्याचे सांगतो, आणि मधले सगळे गाळतो. प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला? शास्त्र म्हणते, त्यांचा, म्हणजे बाज आणणाऱ्यांचाही. त्याने पहिले वाक्य कोणते उच्चारले? पापांच्या क्षमेचे, अजून कोणी बरे झालेले नाही. तेथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, मनात काय म्हणत होते? आणि शेवटी बाज कोणी उचलली? ज्याला चौघांनी उचलून आणले होते, तोच सर्वांदेखत आपली बाज उचलून निघाला. एवढे नीट पाहिल्यावर तुमच्या पहिल्या मुलीला विचारा, की तुला आजवर कोणी कोणी उचलून आणले? चार पिढ्यांच्या घरात या प्रश्नाला उत्तर असतेच. त्यानंतर, तू स्वतः कधी उठून चाललीस, हेही विचारा, आणि उत्तर लगेच आले नाही तर घाई करू नका.

बैठक संपवताना प्रत्येकीने त्या आठवड्यात पाळायची एक गोष्ट स्वतः ठरवावी, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच गोष्टीच्या विचारपुशीने करावी. ही विचारपूस राहिली की शास्त्राभ्यास नुसता वाचनवर्ग होतो.

वसईकर :

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझे शब्द थोडे वेगळे असतील, पण काळजी तीच आहे.

आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक धर्मगुरूंची १९६२ ते १९६५ मधील जागतिक परिषद) प्रौढांच्या दीक्षेची प्राचीन पद्धत पुन्हा रूढ करण्यात आली आणि तिचा विधिग्रंथ १९७२ मध्ये रोममधून प्रसिद्ध झाला. त्यातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाला लागू पडते. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणात होतो, पण शिकवण तेथे संपत नाही. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणापर्यंतचा काळ खास नवदीक्षितांसाठी राखलेला असतो, आणि या काळात मिळालेल्या संस्कारांचा अर्थ ते धर्मग्रामातील (एका चर्चच्या परिसरातील) लोकांमध्ये राहून, मिस्सा या उपासनेत आणि परोपकारात, उमजून घेतात. दीक्षार्थीला एक सोबतीही दिलेला असतो, आणि दीक्षार्थी तयार आहे की नाही याची साक्ष त्या सोबत्याने सर्वांपुढे द्यायची असते. म्हणजे सोबत ही दोन व्यक्तींमधली खाजगी बाब राहत नाही, तिच्यामागे सगळा धर्मग्राम उभा असतो. पिंपरीकर ताई, तुमच्या दुसऱ्या मुलीचे सगळे फोन तुम्हालाच येतात, याचा एक अर्थ असाही असू शकतो की मंडळीत ती दुसऱ्या कोणाला ओळखत नाही. तिला चार घरी जेवायला न्या. ज्या घरात आजारपण आहे तेथे न्या, जेथे नुकतेच बाळ झाले आहे तेथे न्या. विश्वासाने जगणारी निरनिराळ्या स्वभावांची माणसे पाहिली, की एकाच ताईच्या साच्यात स्वतःला बसवण्याची गरज तिला वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्यांचे क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशाच तोलाचे दुसरे काही आम्हांला द्या. डॉक्ट्रिनाची, म्हणजे धर्मशिकवणीची, प्रश्नोत्तरे त्या लोकांना शिकवली जात होती, पण मन रमवील, घरी बसून गुणगुणता येईल असे काही त्यांच्या हाती नव्हते. स्टीफन्सनी ती मागणी ऐकली आणि मराठी ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा लिहिली. ज्या मुलीच्या घरात आरतीचा घोष आहे, तिलाही कंठात धरायला काही हवे असते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग तिला द्या, बायबलमधील स्तोत्रसंहिता चालीवर म्हणायला शिकवा. आपण तिच्या डोक्यासाठी बरेच करतो, पण संध्याकाळी घरातले सगळे देवापुढे जमतात तेव्हा तिने आपल्या खोलीत एकटीने काय म्हणायचे, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

साताऱ्याची वाचक :

पहिल्या मुलीविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण अशा मुली आपल्या जुन्या मंडळ्यांत भरपूर आहेत आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. त्या हजर असतात, गातात, कामे करतात, म्हणून त्यांचे सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तिच्यासमोर ठेवा. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने ख्रिस्ती धर्माचाही कसून अभ्यास केला होता. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिले आहे, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण स्वतः ख्रिस्त सापडलेला नाही. रमाबाईंसारख्या स्त्रीला हे म्हणता आले, तर रविवार शाळेत बक्षिसे मिळवलेल्या मुलीला ते म्हणण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. "माझ्याजवळ गीते आहेत, सवयी आहेत, पण त्याची माझी ओळख नाही" हे तिला न लाजता बोलता यावे, एवढी मोकळीक तुमच्या सहवासात तिला मिळाली पाहिजे. मंडळीत नाव असलेल्या घरातल्या मुलीला ही मोकळीक सहसा मिळत नाही. घराण्याच्या प्रतिष्ठेखाली तिची शंका दबून जाते.

लक्ष्मीबाई टिळकांचेही स्मरण होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या आणि ती बातमी म्हणजे त्यांच्यावर आघातच होता. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी सुरुवातीला आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला होता. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नाही, हे त्यांना कसे उमगत गेले ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते. टिळकांसारखा तापट आणि उतावळा माणूस. पण या एका बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही, आणि म्हणूनच लक्ष्मीबाईंचा विश्वास अस्सल त्यांचा स्वतःचा झाला. इतका स्वतःचा, की टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांनी पुढे नेले. ही मुलगी टिळकांची गीते गात असेलच. त्या गीतांमागची घरातली झुंज तिला ठाऊक आहे का, ते विचारून पाहा.

तिच्यावर एक जबाबदारीही सोपवा, पण नाताळच्या कार्यक्रमाची नव्हे. रविवार शाळेतल्या सर्वांत खोडकर वर्गाला तिला शिकवू द्या. मुले असे प्रश्न विचारतात की पाठांतर पुरत नाही, आणि उत्तर शोधायला तिला बायबल उघडावेच लागते.

डोंबिवलीकर :

वरील सर्व मुद्द्यांचा आदर राखून दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली. शिष्य घडवण्याच्या नावाखाली माणसांवर ताबा मिळवण्याचे प्रकार आपल्या आसपास घडलेले आहेत. लग्न कोणाशी करावे, पगारातले किती द्यावे, आईवडिलांकडे जावे की नाही, हे सगळे "आत्मिक पुढारी" ठरवतात असे गट मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांतून बाहेर पडलेली काही माणसे आज कोणत्याच उपासनेला जात नाहीत. पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे, की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, तुमच्या आनंदात साहाय्यकारी आहोत. पिंपरीकर भगिनींना जे सलते आहे ते सलणे अतिशय निरोगी आहे. त्यांनी आपल्या सोबतीची माहिती पाळकांना वेळोवेळी द्यावी आणि दुसऱ्या मुलीच्या आईवडिलांना एकदा आदराने भेटावे. लपवण्यासारखे काही नाही, हे त्या घराला दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट नगरकरांच्या म्हणण्याला थोडी छेद देणारी आहे. नवीन विश्वासणारी व्यक्ती गणपतीच्या दिवसांत घरच्यांसमोर उभी असताना तिला "तूच पारख कर" म्हणून सोडून देणे मला कठोर वाटते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात (१ करिंथ १०) मूर्तिपूजेपासून दूर राहण्याविषयी पौल संदिग्ध बोलत नाही, आणि मूर्तीला वाहिलेले म्हणून कोणी सांगून पुढे केले तर ते खाऊ नये असेही तेथेच लिहिले आहे. जे स्पष्ट आहे ते वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे. मोकळीक देण्याच्या नावाखाली तिला एकटे पाडू नये.

पिंपरीकर :

सर्वांचे मनापासून आभार. पुष्कळ काही मिळाले. दोघींना एकत्र बसवावे असे आता मला वाटू लागले आहे, कारण एकीकडे जे आहे ते दुसरीकडे नाही. रमाबाईंची साक्ष पहिलीसाठी मिळवते. चार घरी नेण्याची सूचना तर याच आठवड्यात अमलात आणीन, आणि दुसरीच्या आईला भेटण्याविषयी आधी तिलाच विचारीन.

आरतीच्या प्रश्नावर मात्र मी अजून घुटमळते आहे. डोंबिवलीकर बंधूंचे म्हणणे पटते. पण तिने फटकून वागून आईचे मन दुखवले, तर त्या घरात प्रभूचे नाव कोणत्या भावनेने घेतले जाईल, हीही चिंता आहे. नगरकर, आपण यावर काही सुचवाल का?

नगरकर :

डोंबिवलीकरांनी हा मुद्दा मांडला ते योग्यच झाले. शास्त्र जे उघड सांगते ते तिच्यापासून राखून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. परंतु "आरतीत भाग घेऊ नकोस" एवढे एक वाक्य फोनवर सांगणे आणि तिच्याबरोबर बसून १ करिंथ ८ ते १० हे तीन अध्याय सलग वाचणे, या दोहोंत मोठा फरक आहे. त्या तीन अध्यायांत पौल मूर्तिपूजेला ठाम नकार देतो, विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरी जेवायला जाण्यास मोकळीक देतो, आणि दुसऱ्याच्या विवेकबुद्धीची काळजी घ्यायलाही सांगतो. या तिन्ही गोष्टी एकदम हातात धरायला ती शिकली, की पुढे दिवाळी येईल, बहिणीचे लग्न येईल, वडिलांचे आजारपण येईल, तेव्हा प्रत्येक वेळी तिला नवा नियम मागावा लागणार नाही.

त्याला जोडून जुन्या करारातील 'राजे' या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय (२ राजे ५) वाचा. अराम या परक्या देशाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर यापुढे परमेश्वराखेरीज कोणालाही होमबली अर्पण करणार नाही असे म्हणतो, आणि लगेच आपली अडचणही सांगतो : माझा धनी रिम्मोन या अरामी दैवताच्या मंदिरात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याबद्दल परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा संदेष्ट्याने त्याला परवानगीही दिली नाही आणि दोषही लावला नाही. शांतीने जा, एवढेच तो बोलला. या उत्तराचा मी वर्षानुवर्षे विचार करत आलो आहे. त्यातून सरसकट सवलत काढू नये, पण नवख्या विश्वासणाऱ्याची अडचण ऐकून संदेष्ट्याचा आवाज चढला नाही, हे आपण सर्वांनी लक्षात घ्यावे.

तिच्या आईविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. गणपती येण्याच्या बऱ्याच आधी, शांत वेळ पाहून, तिने आईशी स्वतः बोलावे. "आरतीला मी उभी राहणार नाही, प्रसादही घेणार नाही, पण त्या दिवसांत पाहुण्यांचा स्वयंपाक, आवराआवर, बाजारहाट सगळे मी करीन" असे तिने सांगितले, तर आईला तिचा नकारही कळेल आणि प्रेमही. हे शब्द तिचे असावेत. तुम्ही सोबत जाऊ नका, फक्त त्या दिवशी प्रार्थना करा.

दोघींना एकत्र बसवण्याचा विचार उत्तम आहे. पहिले दोन-तीन प्रसंग तुम्ही चालवा, मग आळीपाळीने त्यांना चालवू द्या. तयारी कशी करायची ते आदल्या दिवशी दाखवा आणि बैठकीत स्वतः कमी बोला. सुरुवात दुसरीपासून करा, कारण मजकूर तिच्यासाठी नवा असल्याने ती असे प्रश्न काढील की पहिलीला उत्तर शोधावेसे वाटेल. मार्क संपेपर्यंत वर्ष सरत आले असेल. तोवर पुढच्या वर्षीच्या दृढीकरणाच्या वर्गातली नावे पाळकसाहेबांकडे आलेली असतील. त्यांतली एक मुलगी या दोघींकडे सोपवावी, असे त्यांना आताच सांगून ठेवा.